खाजाभाईंच्या काट्यावर दोन वॉलेट

मला पाहून हसू नका, मित्रांनो. अंगठ्याएवढं प्लास्टिकचं अंग, दोन बटणं आणि नखाएवढा पडदा, एवढाच माझा थाट. मी एक साधं हार्डवेअर वॉलेट आहे. वॉलेट म्हणजे पाकीट, पण माझ्या पोटात नोटा नसतात की नाणी नसतात. ज्या पैशाला हात लावता येत नाही, जो फक्त इंटरनेटवर राहतो, त्या क्रिप्टो नावाच्या पैशाची किल्ली मी सांभाळतो. आत्ता मी खाजाभाईंच्या सदऱ्याच्या खिशात आहे, सराफाच्या गुलाबी कागदाच्या पुडीत. बस जळगावहून धरणगावकडे निघाली आहे. खाजाभाई खोकला दाबून बसलेत, ते मला खिशातून कळतंय. धरणगावात त्यांना एका माणसाला गाठायचं आहे आणि लवकर गाठायचं आहे. कशासाठी, ते सांगायचं तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथे माझी थोरली भावंडंही तयार होत. त्यांचा रुबाब काय विचारता! धातूचं जड अंग, मोठा रंगीत पडदा, बोटाचा ठसा ओळखणारी काच, आणि तारेशिवाय मोबाइलशी बोलायची सोय. त्यांना मखमली खोक्यात निजवायचे, आम्हाला पुठ्ठ्याच्या डबीत कोंबायचे. किंमतही तशीच, त्यांच्या एकाच्या पैशात आम्ही तीन-चार यायचो. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण एका बाबतीत आम्ही सगळे सारखे. कारखान्यातून निघताना आम्ही कोरे असतो. पहिल्यांदा जो आम्हाला चालू करतो त्याच्यासमोर आम्ही चोवीस इंग्रजी शब्द एकेक करून पडद्यावर आणतो. ते आम्ही स्वतः काढलेले असतात, आधी ते कुणालाच ठाऊक नसतात. ते शब्द म्हणजे किल्लीचीही किल्ली. उद्या मी फुटलो, हरवलो, विहिरीत पडलो तरी ते शब्द दुसऱ्या वॉलेटला सांगितले की पैसे परत हाताशी येतात. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. ते शब्द ज्याच्याजवळ, पैसे त्याचे. मग वॉलेट तुमच्या घरात कडीकुलपात का असेना. एवढी गोष्ट मनात धरून ठेवा.

मला मागवलं ते अफिफाने. जळगावात राहणारी, संगणकावर दागिन्यांचे नमुने काढणारी ही हुशार मुलगी. परदेशातल्या एका दागिनेवाल्याला तिच्या हातच्या जाळीदार बांगड्या आणि कर्णफुलं फार आवडली. तो तिला दर महिन्याला काम देतो आणि मोबदला क्रिप्टोत पाठवतो. आणि ती तो का जपून ठेवत होती? तर तिच्या अब्बांसाठी, म्हणजे या खाजाभाईंसाठी.

जळगावच्या सोन्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. काचेमागे झगमगणारा दागिना तुम्ही पाहता, पण त्याआधी तो सराफ बाजाराच्या मागच्या बोळात खाजाभाईंच्या गाळ्यात तेजाबात बुडून निघालेला असतो. तेजाब म्हणजे जळजळीत आम्ल. त्यात दागिना उजळतो आणि त्याच्या वाफेने उजळणाऱ्याची छाती जळते. डॉक्टरांनी खाजाभाईंना स्पष्ट सांगितलं होतं, हे काम सोडा. सोडून खाणार काय? अफिफाने मनाशी ठरवलं होतं, की दागिने ओतण्यासाठी लागणारे मेणाचे नमुने काढणारं एक मशीन घ्यायचं, रस्त्याकडेचा एक स्वच्छ गाळा घ्यायचा आणि अब्बांना त्या बोळातून कायमचं बाहेर काढायचं. त्या मशीनचा आणि त्या गाळ्याचा पैसा थेंबाथेंबाने माझ्याकडे जमत होता.

मला घेताना तिनेही साधं की महागडं असा पुष्कळ विचार केला होता. शेवटी म्हणाली, पडदा लहान असला तर डोळे ताणीन, पण वरचे पैसे मशीनला राहू देत. मी थेट कंपनीकडून आलो. माझ्या डबीवरची सीलबंद पट्टी तिने स्वतः फाडली. मी शब्द काढायला लागलो तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. तिची अम्मी जुबेदा चहा घेऊन आली तर तिलाही तिने दारातच थांबवलं. जुबेदाबी म्हणाल्या, "असं काय सोनं निघतंय त्याच्यातून?" आणि हसत परत गेल्या. अफिफाने शब्द लिहिले, पुन्हा ताडून पाहिले आणि लोखंडी पेटीत तळाशी ठेवले. मित्रांनो, इतक्या मानाने मला कुणी वागवलं नव्हतं.

पुढची काही वर्षं सुखाची गेली. पगार आला की ती मला तारेने संगणकाला जोडायची. पैसे जिथे जमा व्हायचे तो लांबलचक पत्ता, खातेक्रमांकासारखी अक्षरांची ओळच ती, माझ्या एवढ्याशा पडद्यावर सरकत सरकत यायचा आणि ती एकेक अक्षर वाचायची. कधी कधी कंटाळायची. तार सैल व्हायची, संगणक रुसायचा. तरी पेटीत ठेवताना माझ्या पाठीवर बोट फिरवून म्हणायची, "सांभाळ रे." मी सांभाळत होतो.

मला नाकं मुरडायचा तो शेहजाद, खाजाभाईंचा पुतण्या. धुळ्यात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. पोरगा मनाने चांगला, काकावर जीव टाकणारा, पण वस्तू चकचकीत असल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जळगावला आला की मला चिमटीत धरून म्हणायचा, "या डबड्यात ठेवतेस तू सगळी कमाई?" मला भारी राग यायचा, पण करणार काय!

एक दिवस तो खोकं काखेत मारूनच गाळ्यावर आला. अफिफा तेव्हा अब्बांचा जेवणाचा डबा घेऊन गाळ्यात गेली होती आणि मी तिच्या पर्समध्ये होतो, कारण त्या दिवशी तिला माझी तार बदलून आणायची होती. शेहजादने खोकं उघडलं. आत माझा थोरला भाऊ, काळाभोर, जड, देखणा. बाहेरून माल आणणाऱ्या एका विक्रेत्याने शेहजादला तो निम्म्या किमतीत दिला होता. ही माणसं घरात आपल्या बोलीत बोलतात, तुमच्यासाठी मी मराठीत सांगतो.

अफिफाचं पहिलं लक्ष खोक्याच्या फाटलेल्या पट्टीकडे गेलं. "हे आधी उघडलेलं आहे," ती म्हणाली.

"उघडलेलं नाही, तपासलेलं," शेहजाद म्हणाला. "चालू करून, बघून दिलंय. तुला शब्दसुद्धा लिहीत बसायला नको, आयते आहेत."

त्याने एक कार्ड काढून दाखवलं. कार्डावर चंदेरी पट्टी होती, नाण्याने खरवडायची. पूर्वी मोबाइल रिचार्जची कुपनं यायची ना, अगदी तशी. तीच कुपनं विकून शेहजादचं दुकान उभं राहिलं होतं. पट्टी शाबूत म्हणजे आतलं कुणी पाहिलं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, पट्टी कुणी खरवडली नव्हती हे खरं, पण पट्टीखालचे शब्द छापले कुणी? छापणाऱ्याला ते ठाऊक असणारच की!

अफिफाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने मला पर्समधून काढलं आणि म्हणाली, याने तर शब्द माझ्यासमोर स्वतः काढले होते. शेहजाद हसला. म्हणाला, साध्या लग्नात आपण ताट घेऊन उभे राहतो, मोठ्या हॉटेलात वाढपी येतो, हेही तसंच आहे. मग तिने अब्बांकडे पाहिलं.

इथे तुम्हाला खाजाभाईंची रीत सांगायला हवी. सराफ बाजारात बंद पुडी कुणी तशीच घेत नाही. पुडी उघडायची, दागिना काट्यावर ठेवायचा, दगडावर घासून कस पाहायचा, चार जाणत्यांच्या हातातून फिरवायचा, मगच तो खरा. कुणी म्हणालं की पुडी उघडू नका, तशीच ठेवा, तर समजायचं आत खोट आहे. त्यांच्या उस्तादांनी हेच शिकवलं आणि त्या शिकवणीवर खाजाभाई कधी फसले नाहीत. उघडून तपासलेलं खोकं पाहून म्हणूनच त्यांना बरं वाटलं. त्यांच्या हिशोबात माझी बंद डबी हीच संशयाची गोष्ट होती.

त्यांच्याकडे विजेवरचा काटा आहे आणि एक जुना पितळी काटाही आहे. मनातली गोष्ट ठरवायची असली की ते पितळी काटाच काढतात. त्यांनी एका पारड्यात मला ठेवलं, दुसऱ्यात थोरल्याला. त्याचं पारडं खाली आपटलं आणि मी वर अधांतरी लोंबकळत राहिलो. शेहजादने हसत मोबाइलवर आमचा फोटो काढला. तो फोटो नीट लक्षात ठेवा.

"हे जड आहे, घडण चांगली आहे," खाजाभाई म्हणाले. "पोरीची कमाई प्लास्टिकवर ठेवायची नाही."

"अब्बा, मी एकदा कंपनीला विचारते."

"घरच्या पोराने आणलंय बेटा. काट्यावर चढून तोलून झालं. आता त्याच्या तोंडावर शंका काढायची?"

बाजारात तोल झाल्यावर शंका काढणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. अफिफा त्याच बाजारात लहानाची मोठी झालेली. तिने शेहजादचा उतरलेला चेहरा पाहिला, अब्बांना खोकल्याची उबळ आली तीही पाहिली, आणि ती गप्प बसली. ती गप्प बसली तिथेच सगळं बिघडलं. पण तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

घरी आल्यावर लोखंडी पेटीत, लाल मखमलीच्या एका डबीत आम्ही दोघे शेजारी पडलो. मी तोऱ्यात म्हटलं, या महाराज! त्याने हळूच विचारलं, "ही मुलगी मला कोरा समजते का?"

"म्हणजे? तू कोरा नाहीस?"

"मला तिच्याआधी कुणीतरी चालू केलंय. एका बंद खोलीत. टेबलावर माझ्यासारखे पुष्कळ होते. त्या माणसाच्या बोटांना बामचा वास होता. त्याने माझ्याकडून शब्द काढून घेतले, स्वतःकडे उतरवले आणि मग कार्डावर छापले."

मी विचारलं, आता तो काय करणार?

"काही नाही," थोरला म्हणाला. "तो थांबणार. माझं पोट भरेपर्यंत."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. थोरल्याचा यात काहीच अपराध नव्हता, बरं का. महाग ते वाईट आणि स्वस्त ते चांगलं असं मी म्हणणार नाही. कारखान्यातून तो सरळ अफिफाच्या हाती आला असता तर माझ्याहून कितीतरी उपयोगी पडला असता. त्याच्या पडद्यावर अख्खा पत्ता एका नजरेत मावतो, तिच्या बोटाशिवाय तो उघडत नाही, तारेची कटकट नाही. पण पुढच्या दाराला एवढं भारी कुलूप लावून काय उपयोग? मागच्या दाराची किल्ली आधीच कुणाच्या तरी खिशात होती.

अफिफा सावध होती, तिने एकदम उडी घेतली नाही. अब्बाच म्हणाले, आधी कस लावून बघ. तिने माझ्याकडची चिमूटभर रक्कम थोरल्याकडे पाठवली आणि रोज पाहत राहिली. रक्कम जागच्या जागी होती. मग पुढचा पगार थेट त्याच्याकडे घेतला. तोही जागच्या जागी राहिला. खाजाभाई समाधानाने म्हणाले, कस लागला. सोन्याचं असंच असतं, एकदा कसाला उतरलं की उतरलं, उद्या ते आपला विचार बदलत नाही. पण इथे दगडाच्या पलीकडे एक माणूस बसलेला होता आणि तो चिमटीने खाणारा नव्हता. रोज पेटी उघडली की अफिफा खूश व्हायची आणि आम्ही दोघे गारठून जायचो.

तिकडे धुळ्यात शेहजादने त्याच विक्रेत्याकडून आणखी नग घेतले. गिऱ्हाईक कचरलं की तो पितळी काट्यावरचा फोटो दाखवायचा आणि सांगायचा, जळगावच्या सराफ बाजारातल्या खाजाभाईंनी तोललेली वस्तू आहे. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. त्या फोटोवर विश्वास ठेवून धरणगावच्या चुडामणभाऊंनीही एक नेलं. चुडामणभाऊ कापसाचे व्यापारी, खाजाभाईंच्या हातून त्यांच्या घरचे दागिने वर्षानुवर्षं उजळून गेलेले. खाजाभाईंनी तोललंय म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

मग काल तो दिवस उजाडला. मशीनवाल्याने भाव ठरवून दिला होता, रस्त्याकडेच्या गाळ्याचा मालक तयार झाला होता. सगळा पैसा एका ठिकाणी आणावा म्हणून दुपारी अफिफा मला घेऊन बसली. अब्बांनी तिला एक गोष्ट बजावली होती, डबी कधी पुरती रिकामी ठेवू नये, चिमूटभर तरी मागे ठेवावं. म्हणून तिने माझ्यात थोडंसं राहू दिलं. बाकी सगळं निघालं. माझ्या पडद्यावर थोरल्याचा पत्ता सरकू लागला. अहो, मला त्यावर "नको" असं लिहिता येत नाही. जेवढं विचारतात तेवढंच मी दाखवतो. तिने एकेक अक्षर ताडून पाहिलं, पत्ता अगदी बरोबर होता. तिने माझी दोन्ही बटणं एकदम दाबली आणि मी पैसे सोडायची सही केली.

जुबेदाबींनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरायच्या आत मोबाइल वाजला. अफिफाला वाटलं, पैसे पोचल्याचा निरोप असेल. तो पैसे निघून गेल्याचा होता. तिने थोरल्याचा मोठा, स्वच्छ, रंगीत पडदा पाहिला. त्यावर शून्य होतं.

ती आम्हा दोघांना मुठीत धरून गाळ्यात गेली आणि म्हणाली, "अब्बा, गेले." बस, एवढंच. तो आवाज तिचा वाटतच नव्हता. विहिरीच्या तळातून यावा तसा पोकळ झाला होता.

खाजाभाईंना आधी उमजेना. त्यांनी विचारलं, पेटीला कुणी हात लावला का, कुलूप तुटलं का. मग त्यांनी थोरल्याला उलटापालटा करून पाहिलं, कुठे चीर आहे का, कुठे डाग आहे का. शेवटी त्यांनी पितळी काटा काढला, एका पारड्यात थोरल्याला ठेवलं आणि दुसऱ्यात वजनं टाकली. काटा मधोमध येऊन थांबला.

"वजन तर तेवढंच आहे," ते म्हणाले.

अफिफाने त्यांना सगळं समजावून सांगितलं. चोर आत आलाच नाही, अब्बा. त्याच्याजवळ शब्द आधीपासून होते, आपल्या हातात वस्तू येण्याच्याही आधीपासून. खाजाभाईंनी काट्यावरची वजनं एकेक करून उतरवली. मग म्हणाले, "म्हणजे उघडलं होतं तीच खोट होती. आणि उघडलेलं आहे म्हणून मी तुला घ्यायला लावलं." अफिफाने नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी तो हात हळूच सोडवला, चिमट्यात कुणाचं तरी कडं धरलं आणि तेजाबात सोडलं. दुकानदाराला ते संध्याकाळपर्यंत हवं होतं. वाफ वर आली आणि त्यांना खोकल्याची ढास लागली. माझं काळीज तुटलं हो. काळीज नसलं तरी तुटतं, ते मला काल कळलं.

आज सकाळी पहिल्या गाडीने शेहजाद धुळ्याहून आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. विक्रेत्याचा फोन बंद येत होता. उंबऱ्यात बसून, मान खाली घालून त्याने आणखी नगांचं आणि त्या फोटोचं सांगितलं. धुळ्याच्या गिऱ्हाइकांना त्याने सावध केलं होतं, आणि ती मंडळी ताबडतोब पैसे हलवायला लागली होती. राहिले होते एकटे चुडामणभाऊ, ते काही केल्या ऐकत नव्हते. आपलं नाव घेऊन वस्तू विकली गेली हे ऐकून खाजाभाईंचा चेहरा पांढरा पडला. ते शेहजादला रागावले नाहीत. म्हणाले, फोन लाव.

चुडामणभाऊ फोनवर मोकळेपणाने हसले. "आरे भाऊ, आत्तेच मोबाइलमा देखं. बठ्ठा पैसा जागावर शे. तुम्हीच तर तोलेल शे ना, मंग काब घाबरी ऱ्हायनात?" म्हणजे आत्ताच पाहिलं, सगळा पैसा जागेवर आहे, आणि तुम्हीच तोललंय तर घाबरता कशाला?

"चुडामणभाऊ, मी चुकलो," खाजाभाई म्हणाले. "मला सोनं तोलता येतं. हे मला कळत नव्हतं, तरी मी तोललं."

मित्रांनो, आपली पारख चुकली असं खाजाभाईंनी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं. त्या बाजारात माणसाजवळ दुसरं असतं काय? एवढी एकच गोष्ट असते, आणि ती त्यांनी सकाळी सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली. जुबेदाबींनी तोंडाला पदर लावला. पण चुडामणभाऊंना ते पटलं नाही. म्हणाले, यातलं सगळं माझा पुतण्या बघतो, तो पहूरला गेलाय, उद्या आला की सांगतो, आणि पैसा तर जागेवरच आहे.

सगळा पैसा जागेवर आहे! याच्याइतकं भयंकर वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तो बामच्या वासाचा माणूस अजून थांबलेला आहे.

खाजाभाईंनी चपला घातल्या. मला त्यांनी गुलाबी कागदात बांधलं, एखादा दागिना बांधावा तसं, चारही कोपरे नीट मुडपून. अफिफा संगणकाची बॅग घेऊन निघाली. तिचा बेत असा, की धरणगावात पोचल्याबरोबर मला पुसून पूर्ण कोरं करायचं, चुडामणभाऊंसमोर मी नवे शब्द काढायचे, आणि त्यांची रक्कम त्यांच्या वॉलेटमधून उचलून माझ्या ताब्यात घ्यायची. माझ्यातली तिची चिमूट तिच्या जुन्या शब्दांवर तिला केव्हाही मिळेल. म्हणजे ज्याला डबडं म्हणत होते त्याच्याकडे आज हे काम आलं आहे. पण मला याचा जराही आनंद होत नाही. बस प्रत्येक थांब्यावर माणसं घेते आणि माझा जीव टांगणीला लागतो.

गिरणेचा पूल गेला. पाळधी गेली. आणि आत्ता, एवढ्यात, खाजाभाईंचा फोन वाजला. मी फोनच्या शेजारच्याच खिशात आहे, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"खाजाभाऊ, तुम्ही कोठे लगून उनात?" चुडामणभाऊ विचारत होते, कुठपर्यंत आलात. सकाळचं हसू त्या आवाजात उरलं नव्हतं. विहिरीच्या तळातून यावा तसा तो पोकळ झाला होता, आणि काल अफिफाचाही असाच झाला होता. म्हणजे पैसे गेले होते.

"पाळधी मागे टाकली भाऊ. येतोय," खाजाभाई म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. अफिफा हळू आवाजात म्हणाली, अब्बा, आता जाऊन काय करणार? ते म्हणाले, "जाऊन समोर उभं राहायचं."

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती असं एखादं वॉलेट येईल. साधं घ्यायचं की भारी, ते तुमच्या गरजेप्रमाणे ठरवा. मला माझ्या गोताची वकिली करायची नाही. पण डबी हातात आली की आधी एवढं पाहा, तुमच्याआधी तिला कुणी उघडलेलं नाही ना. शब्द तुमच्या डोळ्यांसमोर वॉलेटनेच काढू देत. ते आयते कार्डावर आले तर ती वस्तू परत करा, मग ती घरच्या माणसाने का आणलेली असेना आणि त्याला कितीही वाईट का वाटेना. शंका आली तर तिथेच बोला. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

बसचा वेग कमी होतोय. धरणगाव आलं वाटतं. खाजाभाई उठून दाराशी गेलेत, त्यांचा हात खिशावर, म्हणजे माझ्यावर आहे. मागून अफिफाचा आवाज आला.

"अब्बा, थांब्यावर एक जण उभे आहेत, ते चुडामणभाऊच ना? त्यांच्या पायात चप्पल नाही."